क्षयाच्या गोळ्या आणि अंगावर उठलेल्या गांधी

पत्र

स. न. वि. वि. आमचे गाव सिंधुदुर्ग जिल्ह्यात आहे. माझे यजमान ४६ वर्षांचे असून त्यांचे वजन ५२ किलो आहे. दोन महिने खोकला हटेना म्हणून थुंकी तपासली, तेव्हा फुप्फुसाचा क्षय निघाला. थुंकीच्याच सीबीनॅट नावाच्या तपासणीत ‘साधा टीबी आहे, औषधांना दाद न देणारा नाही’ असे सांगितले. सरकारी गोळ्या सुरू झाल्या, रोज सकाळी उपाशीपोटी चार. सोळा दिवस काही त्रास नव्हता, उलट ताप गेला आणि भूक लागू लागली. सतराव्या दिवशी खाज सुटली आणि एकोणिसाव्या दिवशी पोटावर, पाठीवर, मांड्यांवर गांधी उठल्या. नाक्यावरच्या दवाखान्यात इंजेक्शन घेतले, तेवढ्यापुरते बरे वाटले, पण दुसऱ्या दिवशी गोळ्या घेतल्यावर पुन्हा तेच. शेवटी त्यांनी गोळ्या बंद केल्या. आज पाच दिवस झाले आणि अंग स्वच्छ आहे. सासूबाई म्हणतात, गोळ्या गरम पडल्या, आता झाडपाल्याचे औषध घ्या. आशाताई म्हणतात, एकही दिवस चुकवू नका. यजमान म्हणतात, दोन सकाळी आणि दोन रात्री घेऊन बघतो, नाहीतर चारऐवजी दोनच घेतो. कोणती गोळी बाधते हे रक्ताच्या तपासणीत कळते असे शहरातल्या लॅबवाल्याने सांगितले आहे, पण खर्च बराच आहे. घरात चार वर्षांची मुलगी आणि अकरा वर्षांचा मुलगा आहे, त्यांनाही गोळ्या द्यायच्या म्हणतात, त्यांना असेच झाले तर? आणि एक विचारायचे राहिले. गोळ्या चालू असताना बांगड्याचे तिखले खाल्ले, तर अर्ध्या तासात त्यांचे तोंड लालबुंद झाले आणि छातीत धडधडू लागले. मासळी बंद करावी का?

उत्तर

ताई, तुम्ही तारखा, दिवस आणि वजन इतके नेमके लिहिले आहे की, माझे निम्मे काम तुम्हीच केले आहे. आधी एक गोष्ट सांगतो, म्हणजे घरातला वाद थोडा शमेल. तुमचे यजमान आणि आशाताई दोघेही आपापल्या जागी अर्धे बरोबर आहेत. अंगावर गांधी उठल्यानंतर गोळ्या थांबवणे ही चूक नव्हती. पण ज्यांनी औषध सुरू केले त्यांना न कळवता पाच दिवस घरी बसणे ही चूक झाली, आणि आता आपल्या मनाने दोन-दोन गोळ्या सुरू केल्या तर ती पहिलीपेक्षा मोठी चूक ठरेल. कागदावरच्या आराखड्यानुसार औषध थांबवले की ते पुन्हा सुरू करता येते. आपल्या मर्जीने सोडलेले औषध पुन्हा धरताना मात्र काय बाधले, किती दिवस गेले आणि जंतूंना किती मोकळीक मिळाली, याचा काहीच हिशेब हाती राहत नाही. म्हणून हे उत्तर वाचताच पहिले काम एवढेच करा की, उद्या सकाळी त्यांना घेऊन, उरलेल्या गोळ्यांची पाकिटे आणि उपचार कार्ड बरोबर ठेवून, ज्या प्राथमिक आरोग्य केंद्रात उपचार सुरू झाले तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटा.

आता त्या चार गोळ्यांत काय आहे ते पाहू, कारण ‘गोळी बाधली’ असे आपण म्हणतो तेव्हा खरे तर औषधे चार असतात. प्रत्येक गोळीत आयसोनियाझिड ७५, रिफाम्पिसिन १५०, पायराझिनामाइड ४०० आणि इथाम्ब्युटॉल २७५ मिलिग्रॅम, अशी चारही औषधे एकत्र असतात. ५२ किलो वजनाला चार गोळ्या हा बरोबर हिशेब आहे. म्हणजे चारपैकी दोन गोळ्या घेतल्या तर बाधणारे औषध वगळले जात नाही. चारही औषधे निम्मी होतात, बाधणारेही आणि उपयोगी पडणारीही. ॲलर्जीला निम्मी मात्रा बहुतेक वेळा पुरेशी असते, जंतूंना मारायला मात्र ती पुरत नाही. दोन सकाळी आणि दोन रात्री या युक्तीतही तोच तोटा आहे, कारण रिफाम्पिसिन आणि आयसोनियाझिड ही औषधे रक्तात एकदम चांगली चढली तरच नीट काम करतात, आणि मात्रा विभागली की दोन्ही वेळा पातळी तोकडी राहते. रोजची पूर्ण मात्रा एकाच वेळी घ्यायची ही रीत रुग्णाच्या सोयीसाठी पाडलेली नाही.

खाज, पुरळ आणि गांधी या तीन वेगवेगळ्या पायऱ्या आहेत, आणि घरात त्यांची सरमिसळ झालेली दिसते. सतराव्या दिवशी नुसती खाज होती, अंगावर काही उठले नव्हते. त्या अवस्थेत साधारणपणे औषधे बंद करीत नाहीत. सेटिरिझिनसारखी खाजेची गोळी रात्री देतात, कोरड्या त्वचेला खोबरेल तेल लावायला सांगतात आणि उपचार चालू ठेवतात. अनेकांची खाज काही दिवसांत आपोआप विरते. क्षयाच्या रुग्णाला खाज सुटण्याची दुसरीही कारणे असतात, आणि ती पाहिल्याशिवाय औषधांना दोष देणे बरोबर नाही. बोटांच्या बेचक्यांत आणि कमरेला रात्री जास्त खाज येत असेल, आणि घरातल्या आणखी कोणाला ती सुटली असेल, तर ती खरूज आहे का हे आधी पाहावे. डोळे पिवळसर दिसत असतील तर खाज यकृताकडून आलेली असू शकते, आणि ते प्रकरण फार वेगळे आहे. या चारपैकी तीन औषधे यकृतावर ताण आणू शकतात, म्हणून पुरळ असो वा नसो, या टप्प्यावर यकृताची तपासणी करून घ्यावीच.

एकोणिसाव्या दिवशी जे उठले ते, तुम्ही पाठवलेल्या फोटोंत दिसते तसे असेल, तर त्याला आपल्याकडे ‘अंगावर पित्त उठणे’ म्हणतात. मध्यभागी फिकट, कडेने लाल, फुगीर चकंदळे, एकमेकांत मिसळलेली. फोटोवरून निदान करण्याचे धाडस मी करीत नाही, पण पुन्हा असे झाले तर तुम्हाला घरबसल्या करता येतील अशा दोन गोष्टी सांगतो, डॉक्टरांना त्यांचा मोठा उपयोग होईल. एका गांधीभोवती साध्या बॉलपेनने रिंगण काढा आणि वेळ लिहून ठेवा. पित्ताची गांध बहुतेक चोवीस तासांच्या आत त्या रिंगणातून नाहीशी होते आणि दुसरीकडे नवी उठते. ती जागच्या जागी दोन-तीन दिवस राहिली, काळसर पडली किंवा दुखू लागली, तर तो पित्ताचा प्रकार नाही. दुसरी गोष्ट अशी की, पाणी पिण्याचा काचेचा पारदर्शक ग्लास लाल ठिपक्यांवर दाबून पाहा. दाबल्यावर ठिपका फिकट झाला तर ते नुसते सुजलेल्या रक्तवाहिन्यांचे लाल आहे. काचेखालीही तो तसाच लाल-जांभळा दिसत राहिला तर कातडीखाली रक्त उतरले आहे. नडग्यांवर असे टाचणीच्या टोकाएवढे ठिपके दिसले, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त आले, तर प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, घसरल्याची शंका येते, आणि त्यात पहिला संशय रिफाम्पिसिनवर असतो. तसे सिद्ध झाले तर ते औषध त्या माणसाला पुन्हा देत नाहीत.

सासूबाईंनी आमसुलाचे पाणी लावले असेल तर त्यांच्यावर रागावू नका. कोकणात पित्तावर तेच पहिले हाताशी येते आणि त्याने त्वचेला तात्पुरता थंडावा मिळतो. ‘गरम पडले’ या त्यांच्या म्हणण्यातले निरीक्षणही खोटे नाही, औषध घेतल्यावर अंग तापले, लाल झाले, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले आहे. त्यांचा फक्त त्यापुढचा निष्कर्ष चुकतो. क्षयाचा जंतू कोणत्याही काढ्याने मरत नाही. त्यातच औषधांनी यकृतावर आधीच भार टाकलेला असताना घटक ठाऊक नसलेला पाला पोटात गेला आणि उद्या कावीळ दिसली, तर ती कशाने झाली हे सांगणे कोणालाही शक्य होणार नाही. बाहेरून लावा, पोटात नको, एवढे त्यांना सांगितले तरी पुरे.

नाक्यावरच्या इंजेक्शनाबद्दल मात्र थोडे कडक लिहितो. त्या इंजेक्शनात काय होते ते तुम्हाला सांगितलेले नाही, पण अशा वेळी बहुधा खाजेचे औषध आणि जोडीला स्टिरॉइड दिले जाते. त्याने पुरळ दबते, ताप असला तर तोही दबतो, आणि रुग्ण ‘बरे वाटले’ म्हणून दुसऱ्या दिवशी तीच औषधे पुन्हा घेतो, जसे तुमच्याकडे झाले. प्रतिक्रिया वाढत चालली असेल तर हे पांघरूण धोक्याचे असते. स्टिरॉइडची खरोखरच गरज असते असे प्रसंग आहेत, पण तिथे क्षयाची औषधे आधी थांबवलेली असतात, आणि रिफाम्पिसिनमुळे स्टिरॉइडचा असर कमी होतो हे गृहीत धरून मात्रा ठरवलेली असते. त्या दवाखान्यातून इंजेक्शनांची नावे लिहून आणा. त्या पंधरवड्यात अंगदुखीची किंवा सर्दीची एखादी गोळी दुकानातून आणून घेतली होती का, तेही आठवा, कारण वेदनाशामक गोळ्यांनीही असेच पित्त उठते आणि बोल मात्र क्षयाच्या औषधांना लागतो.

कोणती प्रतिक्रिया घरी थांबण्यासारखी नाही, ते स्पष्ट लिहितो. ओठ, जीभ किंवा पापण्या सुजणे, घसा आवळल्यासारखा वाटणे, श्वासात शिट्टीसारखा आवाज येणे, गांधी उठत असतानाच डोळ्यांपुढे अंधारी येणे, यांपैकी काहीही झाले तर १०८ ला फोन करून रुग्णालय गाठायचे. तिथे ॲड्रेनलिनचे इंजेक्शन हा पहिला उपचार असतो, घरातली खाजेची गोळी त्याची जागा घेऊ शकत नाही. दुसरा प्रकार हळूहळू येतो आणि त्यामुळेच फसवतो. पुरळाबरोबर पुन्हा ताप चढणे, तोंडात, डोळ्यांत किंवा लघवीच्या जागी फोड-जखमा होणे, कातडी दुखरी होऊन तिच्यावर पाण्याचे फोड येणे किंवा तिचे पापुद्रे सुटणे, चेहरा सुजणे, मानेत-काखेत गाठी येणे, डोळे पिवळे होणे. यातली एक तीव्र प्रतिक्रिया औषध सुरू झाल्यापासून दोन ते आठ आठवड्यांत येते आणि यकृत-मूत्रपिंडांनाही इजा करते. जुन्या काळी क्षयाच्या उपचारात थायासिटाझोन नावाची स्वस्त गोळी असे, आणि एचआयव्ही झालेल्या रुग्णांमध्ये तिने कातडी सोलून निघण्याइतक्या प्रतिक्रिया होऊन माणसे दगावू लागल्यावर तिला निरोप द्यावा लागला. आमच्या पिढीच्या डॉक्टरांना पुरळ म्हटले की तोंड उघडायला सांगून गालाच्या आतली बाजू आधी पाहण्याची सवय लागली, ती तिथून. तुमच्या यजमानांना यातले काही झालेले दिसत नाही, पण तुम्ही रोज एकदा उजेडात त्यांचे तोंड आणि डोळे पाहत जा.

आता लॅबमधल्या तपासणीकडे वळतो. तो खर्च करू नका. क्षयाच्या चार औषधांपैकी कोणते बाधते हे खात्रीने सांगणारी रक्ततपासणी उपलब्ध नाही. धूळ, शेंगदाणे, कोळंबी यांच्या ॲलर्जीसाठी जे पॅनेल केले जाते त्याचा इथे काही उपयोग नाही. त्याऐवजी साध्या तपासण्या मागून घ्या, त्या सरकारी रुग्णालयात होतात. संपूर्ण रक्तगणना हवी, तिच्यात ॲलर्जीत वाढणाऱ्या इओसिनोफिल या पेशी वाढल्या आहेत का आणि प्लेटलेट किती आहेत ते दिसेल. यकृत आणि मूत्रपिंडांची तपासणी हवी, आणि एचआयव्ही व रक्तातील साखर आधीच तपासली नसेल तर तीही.

कोणते औषध बाधले हे ओळखण्याची खरी पद्धत जुनी, संथ आणि भरवशाची आहे. अंग पूर्ण स्वच्छ झाल्यावर एकेक औषध सुटे, अगदी थोड्या मात्रेत देऊन पाहायचे. जे बाधण्याची शक्यता सर्वांत कमी, म्हणजे आयसोनियाझिड किंवा रिफाम्पिसिन, तिथून सुरुवात करतात. उदाहरणार्थ आयसोनियाझिड पहिल्या दिवशी ५० मिलिग्रॅम, म्हणजे शंभराच्या इवल्याशा गोळीची अर्धी, आणि तिसऱ्या दिवसापर्यंत पूर्ण ३००. ते निभावले की त्यावर रिफाम्पिसिन ७५ पासून चढवत नेतात, मग उरलेली दोन. ज्या औषधाच्या पायरीवर पुरळ परत येते ते दोषी. पहिली प्रतिक्रिया जोरदार असेल तर या मात्रांच्याही दहाव्या भागापासून सुरुवात करतात. चारही औषधे पूर्ण मात्रेवर यायला साधारण बारा दिवस लागतात. हे आकडे मी मुद्दाम दिले, म्हणजे डॉक्टर ‘एकेक करून बघू’ म्हणतील तेव्हा ते अंदाजपंचे करीत आहेत असे तुम्हाला वाटणार नाही. घरी करून पाहण्यासाठी मात्र ते नाहीत. एकत्रित गोळीचे चार तुकडे करून ही परीक्षा होत नाही, कारण प्रत्येक तुकड्यात चारही औषधे असतात. सुटी औषधे लागतात, ती जिल्हा क्षयरोग केंद्रामार्फत मिळवता येतात, आणि तुमच्या भागातील उपचार पर्यवेक्षकांकडे त्यांची मागणी नोंदवावी लागते. केंद्रातून ‘सुट्या गोळ्या नसतात’ असे उत्तर आले तर तिथेच थांबू नका, जिल्हा क्षयरोग अधिकाऱ्यांच्या नावे चिठ्ठी मागा.

काही वर्षांपूर्वीचा माझा एक रुग्ण आठवतो. शिवणकाम करणारा, तिशीतला. त्यालाही असेच पित्त उठले होते. आम्ही त्याला बाह्यरुग्ण विभागातल्या बाकावर बसवून मात्रा देत असू आणि दोन तास तिथेच थांबवत असू. तो शर्टाच्या काजांना हाताने टाके घालत बसे. आयसोनियाझिड गेले, रिफाम्पिसिन गेले, इथाम्ब्युटॉलही निभावले. पायराझिनामाइडची पहिली छोटी मात्रा दिल्यावर दीड तासाने त्याने सुई खाली ठेवली आणि कानामागे खाजवू लागला. मान वळवून पाहिले तर केसांच्या कडेला दोन गांधी उठलेल्या. सोळा दिवसांत इतरांच्या दहा मतांनी जे ठरले नव्हते ते त्या दोन गांधींनी ठरवले. अनेक ठिकाणच्या अनुभवात त्वचेच्या प्रतिक्रियांसाठी पायराझिनामाइडचेच नाव वर येते, पण म्हणून तुमच्या यजमानांच्या बाबतीत तेच असेल असे आधीच ठरवून वगळू नये, कारण चारपैकी कोणतेही औषध हे करू शकते.

दोषी सापडल्यावर काय, हा पुढचा प्रश्न. पायराझिनामाइड वगळावे लागले तर उपचार सहाऐवजी साधारण नऊ महिन्यांचा होतो, आणि क्षय पूर्ण बरा होतो. माझ्या त्या रुग्णाचा झाला. आयसोनियाझिड वगळायचे असेल तर त्या जागी लिव्होफ्लॉक्सासिनसारखे औषध घालून मार्ग निघतो. जंतू इतर औषधांना दाद देणारा असेल तर इथाम्ब्युटॉल जाण्याचे दुःख सर्वांत कमी. रिफाम्पिसिन मात्र सहजासहजी सोडू नये. ते या उपचाराचा कणा आहे, ते गेले की उपचार वर्षापलीकडे जातो. म्हणून प्रतिक्रिया फक्त पित्ताची असेल आणि बाधणारे औषध रिफाम्पिसिनच ठरले, तर रुग्णालयात दाखल करून अगदी मिलिग्रॅमच्या अंशापासून वाढवत नेऊन शरीराला ते सहन करायला शिकवता येते. फोड, सोललेली कातडी, तोंडातल्या जखमा अशी प्रतिक्रिया झालेल्या रुग्णावर मात्र हा प्रयोग करीत नाहीत, आणि त्यांचे निर्णय वैद्यकीय महाविद्यालयाच्या पातळीवरच व्हावेत.

तुमच्या मनात येईल की, एकेक औषध देताना जंतू निर्ढावणार नाही का? हा प्रश्न अगदी रास्त आहे. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या स्ट्रेप्टोमायसिनच्या ब्रिटनमधील चाचणीत हेच घडले. एकट्या औषधाने रुग्ण आधी सुधारले आणि मग अनेकांच्या थुंकीतले जंतू त्या औषधाला जुमानेनासे झाले. तिथूनच क्षयाला एकाच वेळी अनेक औषधांनी घेरण्याची रीत पडली. पण त्या चाचणीत एकच औषध महिनोन्‌महिने चालले होते. देखरेखीखालच्या पुनःप्रारंभात औषध एकटे असते ते तीन-चार दिवस, मग त्याला जोडीदार मिळतो. रोग पसरलेला आणि रुग्ण खंगलेला असेल तर तेवढ्या काळापुरती न बाधणारी दुसरी औषधे आडोशाला देण्याचीही सोय असते. धोका कुठे असतो ते दुसऱ्या एका रुग्णाने मला शिकवले. खासगी किटमधली बाकी औषधे ‘अंगावर उठतात’ म्हणून फेकून, ‘ही एक मानवते’ असे म्हणत त्याने फक्त आयसोनियाझिडची छोटी पांढरी गोळी दोन महिने इमानेइतबारे घेतली होती. एकही दिवस चुकवला नव्हता, हे तो अभिमानाने सांगत होता. त्याचा जंतू आयसोनियाझिडला दाद देईनासा झाला होता.

आणखी एक खबरदारी रिफाम्पिसिनच्या संदर्भात. हे औषध मध्येच सोडून, काही दिवसांनी पुन्हा घेऊन, पुन्हा सोडून असे हेलकावे दिले तर शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करू शकते. मग थंडी-तापासारखा त्रास, प्लेटलेट घसरणे, क्वचित मूत्रपिंड बंद पडणे इथपर्यंत प्रकरण जाते. एक दिवसाआड गोळ्यांची पद्धत बदलून २०१७ पासून आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात रोजच्या गोळ्या आल्या, त्या पद्धतीचा हाही एक फायदा आहे. म्हणून यजमानांनी ‘आज एक घेऊन बघतो’ असे करू नये, पहिली पुन्हा घ्यायची मात्रा दवाखान्यातच घ्यावी. लघवी, घाम आणि अश्रू नारिंगी होणे ही मात्र ॲलर्जी नव्हे, तो रिफाम्पिसिनचा रंग आहे आणि औषध पोटात गेल्याची खूण आहे. गेलेले पाच दिवस आणि परीक्षेचे दिवस उपचाराच्या शेवटी भरून काढले जातील, त्यांची मोजणी डॉक्टर करतील.

या मधल्या काळात खोकताना तोंडावर रुमाल किंवा मास्क, खिडक्या उघड्या आणि यजमानांची निजण्याची खोली वेगळी, एवढे पाळा. मुलांबद्दल तुमची भीती मला समजते, पण वडिलांना पुरळ आले म्हणून मुलांना येईलच असा नियम नाही. पाच वर्षांखालच्या मुलांत क्षय झपाट्याने आणि गंभीर रूपात पसरू शकतो, त्यामुळे मुलीची तपासणी आणि तिला क्षय नसल्याचे ठरल्यावर प्रतिबंधक औषध हे टाळण्याजोगे नाही. मुलाचीही तपासणी करून घ्या. वडिलांना काय झाले ते तिथल्या डॉक्टरांना सांगा आणि वडिलांचे दोषी औषध ठरले की त्याचे नावही सांगा.

काही कागदी कामेही आहेत, ती कंटाळवाणी असली तरी करा. औषधाची प्रतिक्रिया उपचार कार्डावर तारखेसह लिहून घ्या. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद देशपातळीवर ठेवणारी यंत्रणा आहे, तिचा निःशुल्क क्रमांक १८००-१८०-३०२४ आहे आणि रुग्ण स्वतःही तिथे कळवू शकतो. क्षयाबद्दलच्या शंकांसाठी १८००-११-६६६६ हा क्रमांक आहे. क्षयरुग्णाच्या आहारासाठी निक्षय पोषण योजनेतून दरमहा मिळणारे पैसे नोव्हेंबर २०२४ पासून ५०० ऐवजी १००० रुपये झाले आहेत, ते खात्यात येतात का पाहा. औषध थोडे दिवस थांबले म्हणून नाव कमी झाले असे कोणी म्हणाले तर थांबवण्याचे वैद्यकीय कारण कार्डावर दाखवा.

राहिला बांगडा. सिंधुदुर्गातल्या माणसाला मासळी बंद करा असे सांगण्याआधी मी स्वतः दोनदा विचार करीन, आणि इथे त्याची गरजही नाही. त्या दिवशी जे झाले ते गांधींपेक्षा वेगळे प्रकरण आहे. बांगडा, तारली, कुपा या माशांच्या मांसात, ते बर्फाविना थोडा वेळ जरी राहिले तरी, हिस्टामिन नावाचा पदार्थ साठतो. हिस्टामिन म्हणजे पित्त उठवणारेच रसायन. निरोगी माणसाचे आतडे आणि यकृत ते मोडून टाकतात, पण आयसोनियाझिड ते मोडणाऱ्या विकराचे काम मंदावते. मग जेवल्यावर अर्ध्या तासात तोंड लाल, डोके ठणकणे, छातीत धडधड आणि काही तासांत सारे शांत. म्हणजे ती बांगड्याचीही ॲलर्जी नव्हती आणि पूर्णपणे गोळीचीही नव्हती, दोघांची गाठ पडली होती. तिखले कितीही उकळले तरी हिस्टामिन नष्ट होत नाही, त्यामुळे जास्त शिजवणे हा उपाय नव्हे. आयसोनियाझिड चालू असेपर्यंत बांगडा, तारली, कुपा आणि त्यांचे सुके व खारवलेले प्रकार बाजूला ठेवा. ताजे पापलेट, कोळंबी, अंडी, डाळी खुशाल द्या, खंगलेल्या शरीराला त्यांची गरज आहे. फक्त सुटी औषधे सुरू होतील त्या बारा दिवसांत ताटात नवे, पूर्वी न खाल्लेले काही वाढू नका, म्हणजे गांध उठलीच तर संशय औषध आणि अन्न यांत विभागला जाणार नाही.